तेरावं ताट

रविवारी दुपारी जेवणानंतर मी जरा आडवा झालो होतो. एवढ्यात बाहेरच्या खोलीतून नातीच्या रडण्याचा आवाज आला. टीव्हीवर निद्रिस्त राजकन्येचा सिनेमा चालू आहे, हे मला माहीत होतं. चरख्याची चाती बोटाला टोचून राजकन्या पडली असणार, असा हिशेब करून मी धीर द्यायला बाहेर गेलो.

"अगं, मेली नाहीये ती. नुसती झोपलीय. राजपुत्र येईल आता."

"अरे आजोबा, ऑरोराचं काय घेऊन बसलास?" नात हुंदके देत म्हणाली. "तिचे पंख कापले!"

(आमची नात मला 'अरे आजोबा' म्हणते. मी माझ्या आजोबांना असं म्हटलं असतं, तर आज हा लेख लिहायला मी नसतो.)

"कोणाचे पंख?"

"मॅलिफिसंटचे!"

"म्हणजे ती दुष्ट परी?"

झालं! हुंदक्यांचं भोकाडात रूपांतर झालं. "ती दुष्ट नाहीये! तो राजाच दुष्ट आहे!"

माझी अवस्था काय झाली असेल, याची आपण कल्पना करा. हीच गोष्ट मी या मुलीला किमान पन्नास वेळा सांगून झोपवलेलं. एक होता राजा, त्याला झाली मुलगी, मुलीच्या बारशाला सगळ्या पऱ्यांना बोलावलं, एका परीला बोलवायचं राहिलं, ती चिडली, तिने शाप दिला. त्या परीला मी पन्नास वेळा दुष्ट म्हटलं होतं. माझी ही पन्नास प्रवचनं अँजेलिना जोली नावाच्या बाईने एका दुपारीत धुऊन टाकली.

नोकरीची पस्तीस वर्षं मी एका कचेरीच्या आस्थापना विभागात काढली. माणसाचा जन्म, नेमणूक, बढती, बदली, ठपका आणि निवृत्ती हे सगळं सेवापुस्तकात लिहून ठेवणं हे माझं काम. त्यामुळे एखाद्या इसमाच्या चारित्र्याबद्दल दोन परस्परविरोधी शेरे आले, की मला चैन पडत नाही; मूळ कागद काढून बघावेसे वाटतात. तेव्हा पुढचे आठ दिवस मी या बाईचं सेवापुस्तक तयार करण्यात घालवले. नातीने मला तिन्ही सिनेमे लावून दिले. सौ.ने चहा दिला आणि, "या वयात पऱ्या बघताय!" असा शेराही दिला.

या बाईंची पहिली ठळक नोंद सापडते ती १६९७ सालची, शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकात. तिथे त्यांना नावसुद्धा नाही; नुसती 'म्हातारी परी'. पन्नासपेक्षा जास्त वर्षं ती आपल्या मनोऱ्याबाहेर पडलेली नव्हती, त्यामुळे ती मेली असेल किंवा कोणी तिच्यावर मंत्र टाकला असेल, असं लोकांनी गृहीत धरलं होतं. म्हणून बोलावलं नाही. तरी ती आली. राजाने लगबगीने तिचं पान मांडायला सांगितलं. पण घोटाळा असा, की बाकीच्या सात पऱ्यांपुढे सोन्याच्या पेट्या होत्या, आत हिरेमाणकं जडवलेले सोन्याचे चमचे, काटे आणि सुऱ्या. पेट्या घडवल्या होत्या सातच! आठवी आणणार कुठून? म्हातारीला वाटलं, आपला मुद्दाम अपमान केला. तिने दातांतल्या दातांत काहीतरी पुटपुटलं. शेजारी बसलेल्या एका तरुण परीने ते ऐकलं आणि ती पडद्यामागे जाऊन लपली, म्हणजे शेवटचं बोलणं आपलं राहील. बारशाला आलेल्या बायकांमध्ये अशी एखादी शहाणी असते, तिच्यामुळेच समारंभ पार पडतात.

इथे अपमान एक नसून दोन आहेत, ही गोष्ट आस्थापना विभागातला माणूस चटकन टिपतो. पहिला, बोलावलं नाही हा. दुसरा, आल्यावर वेगळं पान वाढलं हा. पहिला म्हातारीने गिळला होता, नाहीतर ती आलीच नसती. शाप बाहेर पडला तो दुसऱ्या अपमानाने.

पुढची नोंद १८१२ सालची, जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या संग्रहातली. त्यांच्या राज्यात ज्ञानी बायका होत्या तेरा आणि राजाकडे सोन्याची ताटं होती बारा. म्हणून तेराव्या बाईने घरी राहायचं! पेरोच्या राजाने निदान विसरून चूक केली. हा राजा विसरला नव्हता. त्याने बायका मोजल्या, ताटं मोजली आणि ताटांच्या संख्येप्रमाणे बायका कमी केल्या. चौदावं रत्न मिळण्याच्या लायकीचा माणूस! तेरावी आली, तिने कोणाला नमस्कार केला नाही, कोणाकडे बघितलंही नाही. पंधराव्या वर्षी मुलगी चाती टोचून मरेल एवढं मोठ्याने सांगितलं आणि पाठ फिरवून चालती झाली. पुन्हा तिचं नाव गोष्टीत नाही. पेरोची म्हातारीही तशीच, शाप देऊन जी गेली ती गेली. दोघींनाही राज्य नको, राजपुत्र नको, सूडाची मोठी योजना वगैरे काही नको. बोलायचं ते बोलल्या आणि घरी गेल्या. अशा बायका आपल्याला पुस्तकाबाहेरही माहीत असतात.

१८९० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये या गोष्टीवर चायकोव्हस्कीच्या संगीताचा बॅले झाला. तिथे परीला कॅराबॉस हे नाव मिळालं आणि चुकीची जबाबदारीही निश्चित झाली. निमंत्रणाची यादी करणारा कातालाब्यूत नावाचा दरबारी कारभारी तिचं नाव घालायला विसरला! कॅराबॉस आल्या आल्या त्याच्या केसांना हात घालते. यादी करणारा कारकून म्हणून मला हा प्रसंग लागला, हे मी कबूल करतो. पहिल्या प्रयोगात कॅराबॉसचं काम एन्रिको चेकेत्ती नावाच्या पुरुषाने केलं होतं, आणि त्याच गृहस्थाने त्याच रात्री निळ्या पक्ष्याचं नाजूक नृत्यही केलं. दुष्टपणा आणि नाजूकपणा एकाच अंगात मावतात, हे मानसशास्त्र रशियन प्रेक्षकांना तेव्हाच बघायला मिळालं होतं म्हणायचं.

आता सिनेमा. १९५९ साली वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने हे पात्र पडद्यावर आणलं आणि मॅलिफिसंट, म्हणजे अपाय करणारी, असं सरळ नाव ठेवलं. बारशालाच जिचं वाईट झालं, तिचं स्वतःचं बारसं असं! मार्क डेव्हिस या चित्रकाराने तिला दोन शिंगं दिली, काळा-जांभळा पायघोळ झगा दिला, खांद्यावर कावळा दिला. आवाज एलिनॉर ऑडली या बाईंचा. याच बाईंनी १९५० साली सिंड्रेलाच्या सावत्र आईला आवाज दिला होता, म्हणजे खात्याचा अनुभव दांडगा. दरबारात ती येते ती किंचाळत नाही. अगदी गोड, मोजक्या शब्दांत सांगते, की आमंत्रण आलं नाही याचं जरा वाईट वाटलं. तुमची इथे गरजच नव्हती, असं एक परी तिला तोंडावर सुनावते. तेव्हाही ती हसते. आणि मग शाप देते, सोळाव्या वाढदिवशी सूर्य मावळायच्या आत!

या मॅलिफिसंटला मानसशास्त्र लावायला गेलं, तर मानसशास्त्राचे हात भाजतात. आमंत्रण न येणं हे तिचं कारण नाही, निमित्त आहे. दुष्टपणा हा तिचा छंद आहे आणि त्यात तिची कल्पकता असामान्य आहे. राजपुत्राला पकडल्यावर ती त्याला मारत नाही. ती त्याला चित्र रंगवून सांगते, की शंभर वर्षं तुला इथे ठेवीन आणि मग सोडून देईन. म्हाताऱ्या घोड्यावर बसून म्हातारा राजपुत्र जाईल आणि तशीच टवटवीत राहिलेल्या राजकन्येला प्रेमाने उठवील! एवढी सविस्तर क्रूरता करायला डोकं लागतं. तिचं दुर्दैव एवढंच, की हाताखालची माणसं. सोळा वर्षं तिचे सैनिक राजकन्येला शोधत होते आणि सोळाव्या वर्षी साहेबांना रिपोर्ट दिला, की एकूण एक पाळणे तपासले! मूल दरम्यान मोठं होतं, ही बाब कोणाच्या टिपणीत आलीच नाही. त्या क्षणी मला त्या बाईची जी दया आली, ती पुढे कापलेल्या पंखांनीसुद्धा आली नाही. मी तसे सैनिक सांभाळले आहेत.

शेवटी ती ड्रॅगन होते, राजपुत्राची तलवार तिच्या छातीत घुसते आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जातात. त्या सिनेमात वाईट होतं ते वाईट होतं. घाबरायचं कोणाला आणि टाळ्या कशाला वाजवायच्या, याबद्दल मनात गोंधळ नव्हता.

गोंधळ झाला २०१४ साली. लिंडा वूल्व्हर्टन या लेखिकेने ती जुनी फाइल पुन्हा उघडली आणि विचारलं, ही बाई अशी का झाली? उत्तर असं, की मॅलिफिसंट ही रानातली पंखवाली, प्रेमळ मुलगी. स्टीफन नावाचा एक गरीब मुलगा तिचा मित्र. सोळाव्या वाढदिवशी त्याने 'खऱ्या प्रेमाचं चुंबन' दिलं. पुढे राजा होण्याची संधी आली तेव्हा तो परत आला, गोड बोलला, गुंगीचं औषध पाजलं, आणि ती झोपेत असताना तिचे पंख कापून घेऊन गेला. सकाळी ती उठते, पाठीमागे हात नेते आणि तिथे पंख नाहीत. अँजेलिना जोलीने तिथे जो आक्रोश केला आहे, तो ऐकताना मी चहाचा कप खाली ठेवला. जोलीने २०१४ साली एका मुलाखतीत सांगितलं होतं, की हा प्रसंग बलात्काराचं रूपक आहे, हे लेखिकेच्या आणि तिच्या मनात स्पष्ट होतं. इथे विनोद करायला जागा नाही. नात रडली ते योग्यच झालं.

पण आस्थापना विभागाचा माणूस म्हणून मला एक हिशेब मांडलाच पाहिजे. कचेरीत एकाचा ठपका काढायचा म्हटलं, की तो हवेत विरून जात नाही. दुसऱ्याच्या पुस्तकात चिकटवावा लागतो. १९५९चा स्टीफन राजा हा साधा, मुलीची काळजी करणारा बाप होता. २०१४मध्ये सगळा दुष्टपणा त्याच्या नावे बदली होऊन आला. तिला बालपण मिळालं, कारण मिळालं, समजून घेणारा प्रेक्षक मिळाला. त्याला काय मिळालं? सत्तेचा लोभ, आणि पुढे वेड. तो लोभ कुठून आला, याची चौकशी करायला सिनेमाजवळ वेळ उरला नाही. जुन्या सिनेमात राजपुत्राला तुरुंगातून सोडवून लढाई जिंकून देणाऱ्या तीन पऱ्या होत्या. त्यांना नव्या सिनेमात इतकं बावळट केलंय, की तान्ह्या मुलीला काय भरवायचं हेही त्यांना कळत नाही! शेवटी मॅलिफिसंटचाच कावळा तिला खाऊ घालतो. एका बाईला चांगल्या वर्तणुकीचा दाखला द्यायचा म्हणून चौघांचे दाखले खराब केले. आणि दाखल्याची किंमत बाईंनाही मोजावी लागली. या सिनेमात ड्रॅगन त्या होत नाहीत, कावळ्याला करतात. सज्जन झाल्यावर ड्रॅगनगिरीचा भत्ता बंद, हा नियम सगळीकडेच आहे.

तेव्हापासून तर ही रीतच पडली. २०२१ साली क्रूएलाचा सिनेमा आला. एकशे एक कुत्र्यांच्या गोष्टीत ठिपकेवाल्या पिल्लांचा कोट शिवायला निघालेली ती बाई! आता कळलं, की तिच्या आईला ठिपकेवाल्या कुत्र्यांनीच कड्यावरून ढकललं होतं. यापुढे आमच्या गल्लीतला कुत्रा मला चावला, तर आधी त्याच्या बालपणाची माहिती काढावी लागेल.

मी हे सगळं मोठ्या तावातावाने सौ.ला ऐकवत होतो. ती शेंगा सोलत होती. मी म्हटलं, "मूळ गोष्टच बघ ना. एका ताटासाठी शाप! एवढ्याशासाठी? प्रेक्षकांना हे पटणार नाही म्हणून सिनेमावाल्यांना बिचारीचे पंख कापावे लागले. ताटासाठी कोणी जन्माचं वैर धरतं का?"

सौ.ने शेंगेवरची नजर न काढता म्हटलं, "ताईंना विचारा."

इथे मला माझंच सेवापुस्तक उघडावं लागतंय.

१९८२ साली आमच्या मुलाचं बारसं झालं. आम्ही पुण्यात दोन खोल्यांत राहत होतो. यादी मी केली, पत्रं मी लिहिली. साठ पत्रं. माझी थोरली बहीण मिरजेला. मुलाची सख्खी आत्या. बारशाला आत्याचा मान काय असतो, हे सांगायला नको. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं तिने आणि पाठीत बाकीच्या बायकांचे धपाटे खायचे तेही तिनेच. तिला मी पत्र घातलं नाही. विसरलो असंही नाही. यादीत तिच्या नावाशी आलो आणि मनात म्हटलं, घरच्या माणसाला कसलं आमंत्रण! आई कळवेल. आईला वाटलं, मी कळवलं. मिरजेतल्याच एका लांबच्या नातेवाइकांना मात्र माझं सुवाच्य अक्षरातलं पत्र वेळेवर पोचलं. त्यांनी ताईला विचारलं, "कोणत्या गाडीने निघताय?"

तरी ताई निघाली. पहिला अपमान तिने गिळला होता. तिने घरी शिवलेली जरीची कुंची पिशवीत होती. ती पोचली तेव्हा पाळणा म्हणून झाला होता, नाव माझ्या चुलत बहिणीने ठेवलं होतं आणि धपाटेही तिनेच खाल्ले होते. ताईने कुंची पाळण्यात ठेवली. मी हसून म्हणालो, "अगं, येशीलच म्हणून पत्र नाही घातलं. एवढ्याशासाठी काय तोंड पाडतेस?"

ताई म्हणाली, "या घरचं पाणी मी पिणार नाही."

भरल्या घरात सगळं शांत झालं. अर्ध्या तासाने सौ.ने, पडद्यामागे लपलेल्या त्या तरुण परीप्रमाणे, स्वयंपाकघरातून येऊन ताईपुढे चहाचा कप ठेवला. ताईने कपाकडे बघितलं. सौ.कडे बघितलं. "चहाचं मी काही बोलले नव्हते," असं म्हणाली आणि चहा प्यायली. मरणाच्या शापाची झोप झाली ती अशी.

त्यानंतर ताई आमच्याकडे शेकडो वेळा आली. मुंजीला आली, दिवाळीला आली, माझ्या ऑपरेशनच्या वेळी तर महिनाभर राहिली. चहा प्यायली, कॉफी प्यायली, ताक, कोकम सरबत, उसाचा रस प्यायली. पाणी नाही. रक्तदाबाची गोळी ताकाबरोबर घ्यायची. आम्ही सगळे हसायचो, तीही हसायची. आणि दरवेळी मी म्हणायचो, "अगं ताई, एवढ्याशासाठी!"

सौ.च्या त्या दोन शब्दांनी माझी समीक्षा आडवी पडली. आठवी पेटी नव्हती हा राजाचा नाइलाज असेल. पण आमच्या घरात 'एवढ्याशासाठी' हे दुसरं पान दरवेळी वाढणारा मी होतो. आणि तेच पान सिनेमानेही वाढलं आहे. मोठी जखम झाली, की लोक भेटायला येतात, डोळे पुसतात, सिनेमा काढतात. लहान अपमानाला कोणी येत नाही. तो ज्याचा त्याने सांभाळायचा असतो. आणि बोलून दाखवला, तर ऐकणारा हसतो. ताटासाठी रागावलेल्या बाईला समजून घ्यायचं, तर आधी तिचे पंख कापलेले असले पाहिजेत, असं २०१४चा सिनेमा म्हणतो. त्या सिनेमाने तिला न्याय दिला. पण तिच्या ताटाला दिला नाही. पेरो आणि ग्रिम यांनी कसलंच मानसशास्त्र वाचलं नव्हतं, आणि त्यांना ते ताट दिसलं होतं.

मग मी तो सिनेमा पुन्हा लावला, या वेळी एकटाच. आणि पहिल्या खेपेला न दिसलेली एक जागा दिसली. शाप देताना मॅलिफिसंट बजावते, की या पृथ्वीवरची कोणतीही शक्ती हा शाप बदलू शकणार नाही. पुढे ती त्या मुलीला झाडाआडून बघत राहते, आधी चिडून, मग सवयीने. दुडदुडती ऑरोरा तिच्याजवळ येते आणि उचलून घे म्हणून हट्ट धरते. (त्या प्रसंगात जोलीची स्वतःची लेक आहे, कारण बाकीची मुलं ती शिंगं बघून घाबरत होती.) शेवटी एका रात्री झोपलेल्या मुलीजवळ उभी राहून ती आपला शाप मागे घ्यायला बघते. सगळी जादू पणाला लावते. आणि शाप मागे येत नाही. कोणतीही शक्ती म्हणजे तिचीही शक्ती! स्वतःच्याच वाक्यात ती अडकलेली असते.

या एका प्रसंगासाठी मी त्या सिनेमाचे बाकीचे सगळे अपराध माफ करतो. ती वाईट का झाली, हे सांगताना सिनेमा मोठ्याने बोलतो. तिला परत कसं येता येत नाही, हे दाखवताना तो खरं बोलतो. रागावलेला माणूस दुष्ट असतो असं नाही. तो चार माणसांत एक वाक्य बोलून बसलेला असतो, आणि ते वाक्य त्याच्यापेक्षा मोठं झालेलं असतं. त्याला ते मागे घेता येत नाही, कोणीतरी बाहेरून येऊन ते सोडवावं लागतं. राजपुत्राच्या चुंबनाने ऑरोरा उठत नाही. मॅलिफिसंट तिच्या कपाळावर ओठ टेकते, शाप सुटेल अशी कसलीही आशा न ठेवता, आणि ती उठते.

२०१९ साली दुसरा भाग आला, त्याची नोंद करून पुस्तक बंद करतो. आता ऑरोराचं लग्न ठरतं आणि व्याह्यांकडे जेवायला बोलावतात. या वेळी आमंत्रण येतं! मॅलिफिसंट बिचारी गोड हसण्याची तालीम करते, आणि लेकीच्या शब्दाखातर शिंगांवरून ओढणी घेते. जेवण अर्थातच भांडणात संपतं. कारण दुष्टपणाची पुन्हा बदली झालेली असते, ती मुलाच्या आईकडे. मिशेल फायफरने ही सासू झोकात केली आहे. शेवटी तिची बकरी होते. सौ.ला हा भाग सर्वांत आवडला. मी तिला सांगितलं, की यात नवीन काही नाही. पेरोच्या मूळ गोष्टीत उत्तरार्ध आहे, तिथे राजपुत्राची आई राक्षसीण असते आणि नातवंडांना सॉस लावून खायला मागते. ३२२ वर्षं फिरून सिनेमा पुन्हा सासूपाशी आला. सौ. म्हणाली, "सॉस कसला होता ते लिहिलंय का?"

गेल्या महिन्यात नातीचा आठवा वाढदिवस झाला. मी एक पोस्टकार्ड आणलं. हल्ली ते शोधावं लागतं. 'ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.' असं मायन्यासकट लिहिलं, की तुझ्या नातीच्या वाढदिवसाला तू अवश्य येण्याचे करावे. त्रेचाळीस वर्षांत तिला घातलेलं माझं पहिलं आमंत्रण. आता ताई ऐंशीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात. तरी भाच्याला गाडी घेऊन बोलावून आली. पर्समध्ये पोस्टकार्ड होतं.

ते माझ्यापुढे धरून म्हणाली, "हे काय रे? फोन करायचास की. घरच्या माणसाला कसलं आमंत्रण!"

मी काही बोललो नाही. एवढ्यात नात ट्रे घेऊन आली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. ट्रेमध्ये चांदीचं फुलपात्र आणि त्यात पाणी.

"ताईआजी, पाणी."

मुलगा, सून, सौ., सगळे आपापल्या जागी थांबले. ताईने फुलपात्र उचललं. उन्हातून आली होती. तिने ते सगळं संपवलं, पदराने तोंड पुसलं, आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि मग तिच्या लक्षात आलं.

क्षणभर कोणी काही बोललं नाही.

"बघताय काय सगळे?" ताई म्हणाली. "चहा टाका. नुसत्या पाण्यावर बोळवण करायचा विचार आहे की काय?"